किल्ल्यावरची चित्रं

पुण्यात दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या बाहुल्यांना 'चित्रं' म्हणतात. 'चित्रं आणायला कधी जायचं?' असं पोरं विचारतात, तेव्हा त्यांना कागद नको असतो. त्यांना कुंभारवाड्यातले मावळे, तोफा, गुहेत ठेवायचा वाघ, सिंहासनावरचे महाराज आणि डोक्यावर घागर घेतलेली गवळण हवी असते. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला हा शब्द हमखास अडतो. मूर्ती भरीव आणि चित्र सपाट, असं आपण शाळेत शिकलेलो असतो. जुन्या शिल्पग्रंथांची परिभाषा मात्र वेगळी आहे. त्यांत चहूबाजूंनी घडवलेल्या मूर्तीला 'चित्र' म्हटलंय, भिंतीतून अर्धवट उठून आलेल्या शिल्पाला 'अर्धचित्र', आणि रंगांनी सपाट पृष्ठावर काढलेल्या आकृतीला 'चित्राभास'. कसब्यातल्या कुंभारांनी शिल्पग्रंथ चाळून हा शब्द उचलला नसणार हे उघड आहे. पण शब्द चपखल आहे. साच्यातून निघालेली बाहुली नुसता देह असतो. ती शिपाई की शेतकरी, आपला की परका, हे ठरतं रंगाने.

मी गेली काही वर्षं ही जुनी चित्रं गोळा करतो, त्यांचे तुटलेले हात जोडतो आणि त्यांना पुन्हा रंगवतो. त्याच टेबलावर दुसरंही एक काम चालू असतं. अंधाऱ्या तळघरांत शिरून राक्षसांशी लढायचे जे खेळ असतात, त्यांतले ऐंशीच्या दशकातले, बोटाच्या पेराएवढे शिशाचे योद्धे मी रंगवतो. एकाचं जन्मगाव कसबा पेठ, दुसऱ्याचं इंग्लंड. पण ब्रश तोच, भिंग तेच, आणि घाटाही सारखाच. एकाच साच्यातून निघालेल्या शेकडो निनावी शिपायांपैकी हा एक कोण, हे रंगवणाऱ्याला ठरवावं लागतं. हा निर्णय वाटतो तितका निरागस नसतो.

गॅझेटियरमधल्या बाहुल्या

जेम्स कॅम्बेलच्या देखरेखीखाली तयार झालेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८५ साली प्रसिद्ध झालं. त्यात पुण्यातल्या प्रमुख कारागिरीची यादी आहे. तांब्यापितळेची भांडी, रेशीम विणकाम, जरतार, काचेच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या, हातकागद यांच्या पंगतीत मातीच्या बाहुल्यांचं कामही बसवलेलं आहे. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हा पुण्याचा नाव घेण्याजोगा धंदा होता.

या बाहुल्यांना त्या काळी साहेबांच्या घरात मागणी होती. लखनौ, बंगालमधलं कृष्णनगर आणि पुणे अशा ठिकाणी घडवलेल्या रंगीत बाहुल्या ते लोक हौसेने घेत. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनापासून पुढे हिंदुस्थानातल्या अशा बाहुल्या परदेशी प्रदर्शनांतही दिसू लागल्या. पखालवाला, हमाल, फकीर, शिपाई, धोबी. बाहुलीला नाव नसे. जात आणि धंदा असे. पाहणाऱ्याला हिंदुस्थान म्हणजे काय ते एका फळीवर मांडून हवं होतं, आणि रंगाचं काम नेमकं तेवढंच होतं: पागोट्याचा घाट, अंगरख्याचा रंग, कपाळावरचं गंध यांवरून माणूस कुठल्या खान्यातला ते ओळखू यावं.

दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आजही जी मंडळी दिसतात, ती याच नात्यातली वाटतात. वासुदेव, भाजीवाली, विहिरीवर पाणी भरणारी बाई, बैलजोडीवाला शेतकरी, तुतारीवाला. फरक एवढाच, की साहेबाच्या फळीवर हे सगळे नमुने म्हणून उभे होते आणि पोरांच्या किल्ल्यावर ते गाव म्हणून राहायला येतात. त्यांच्यासाठी आहळीव पेरून शेत केलेलं असतं, आरशाच्या तुकड्याचं तळं असतं.

महाराजांचा चेहरा

किल्ल्यावरच्या चित्रांत एकाच चित्राचा चेहरा ठरलेला असतो, तो महाराजांचा. पण तोही एकदम ठरलेला नाही.

१८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. त्यातला राजा शेतकऱ्यांचा, कुळवाड्यांचा आहे. १८९५ साली टिळकांनी रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधीची हाक दिली आणि पुढच्या वर्षी रायगडावर उत्सव झाला. १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांचं मराठी सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक आलं. तीन पुणेकरांचे हे तीन शिवाजी महाराज एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, आणि त्यांवरचा वाद अजून मिटलेला नाही. त्याच काळात चित्रंही घरोघर जात होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली काढलेल्या चित्रशाळा छापखान्याने रंगीत छापील चित्रं मध्यमवर्गाच्या भिंतीवर नेली.

प्रत्यक्ष चेहऱ्याचा प्रश्न मात्र बराच काळ गोंधळाचा होता. इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. वा. सी. बेंद्र्यांनी १९३३ साली डच साधनांतलं समकालीन चित्र पुढे आणलं, आणि धारदार नाक, कोरीव दाढी, डोक्याला पागोटं असलेली मुद्रा हळूहळू सर्वमान्य झाली. त्याआधी १९२८ साली पुण्यात विनायकराव करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा उभा राहिला होता. हे करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. त्यांच्या घरात गणपती घडवायचं काम चाले. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकायला पाठवलं. गणपतीच्या कारखान्यापासून ब्राँझच्या पुतळ्यापर्यंतची वाट किती जवळची होती ते यातून दिसतं. उलटी वाटही तितकीच वापरातली आहे. पुतळ्यात, कॅलेंडरात, सिनेमात महाराज जसे दिसले, तसे कुंभारवाड्यातल्या साच्यात उतरले.

मावळ्याच्या बाबतीत असं काही घडलं नाही. त्याचं चित्र शोधायला कोणी युरोपातली दफ्तरं उलथली नाहीत, कारण त्याचं चित्र कोणी काढलेलंच नव्हतं. त्यामुळे मातीच्या मावळ्याचा चेहरा हा सर्वस्वी रंगवणाऱ्याचा चेहरा असतो. दोन ठिपके, दोन कमानी, मिशीचा एक फटकारा. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत जाणत्या हाताकडे असते. मावळ्याची आखणी नवशिक्याकडे जाते. म्हणूनच जुन्या मावळ्यांत एक तिरळा, एक दचकलेला, एक नुकताच झोपेतून उठलेला असे मासले सापडतात. मला ते फार आवडतात. पुन्हा रंगवताना शक्य असेल तर मी डोळ्यांना हात लावत नाही.

मोडलेला हात, नवं नाव

आता दुसऱ्या टेबलाकडे वळतो, कारण रूपांतराची कला मला तिथे उमगली. 'डन्जन' या इंग्रजी शब्दाचं मूळ गढीच्या मुख्य बुरुजात आहे. त्याच्या पोटातल्या अंधारकोठडीला तोच शब्द पुढे चिकटला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डेव्ह आर्नेसनने टेबलावर खेळण्यातल्या किल्ल्याची प्रतिकृती ठेवली आणि मित्रांना त्या किल्ल्याखालच्या भुयारांत उतरवलं. त्याच्या आणि गॅरी गायगॅक्सच्या सहकार्यातून १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्याची पाळंमुळं शिपायांच्या खेळात होती. प्रशियाच्या सैन्यातला युद्धपट, एच. जी. वेल्सचं १९१३ चं 'लिटल वॉर्स' हे त्याचे पूर्वज. अडचण अशी, की शिपाई बाजारात मिळत, राक्षस मिळत नसत. गायगॅक्सने प्लॅस्टिकच्या डायनासोरला पंख लावून ड्रॅगन केला. हाँगकाँगहून आलेल्या स्वस्त प्राण्यांच्या पाकिटात जी चमत्कारिक जनावरं निघाली, त्यांना नावं आणि स्वभाव देऊन त्यांचे राक्षस केले. त्यांतले काही आजतागायत त्या खेळाच्या पुस्तकात आहेत.

पुढे इंग्लंडमध्ये १९७९ साली 'सिटाडेल' निघाली, १९८९ साली 'हीरोक्वेस्ट' नावाचा पेटीतला खेळ आला आणि धातूचे, प्लॅस्टिकचे योद्धे मुबलक झाले. तरी साचे मोजकेच. बारा जणांच्या टोळीत चार चेहरे तेच तेच. म्हणून खेळणारे कापाकापी करू लागले. एकाचं मुंडकं दुसऱ्याला, तलवारीच्या जागी कंदील, मनगटात बारीक भोक पाडून तारेची खीळ. फटी भरायला दोन रंगांच्या पट्ट्या मळून हिरवा होणारा लगदा. जुनं शिसं यासाठी फार सोयीचं. नखाने वाकतं, सुरीने कापतं. विषारी म्हणून नव्वदच्या दशकात बहुतेकांनी ते सोडलं. मी ते तासताना खिडकी उघडी ठेवतो आणि भुकटी ओल्या फडक्याने टिपून घेतो.

हे सगळं पुण्यातल्या पोरांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मातीचं चित्र पहिल्या आठवड्यातच मोडतं. ते पुढच्या वर्षी वापरायचं तर त्याचं काहीतरी करावंच लागतं. भाला मोडला की छत्रीची काडी, ढाल गेली की शर्टाचं बटण, तलवारीला पत्र्याची पट्टी. परदेशी लगद्याचं काम आपल्याकडे एम-सील करतं. तेही दोन कांड्या मळूनच तयार होतं, आणि तासाभरात दगडासारखं होतं. भाजलेल्या मातीला ओला शाडू जोडू नये. तो वाळताना आकसतो आणि सुटून पडतो. भाजलेल्या अंगाला एम-सील किंवा कागदाचा लगदा चांगला धरतो. प्लास्टरचं चित्र असेल तर कानशीने हवं तसं घासता येतं, पण त्याआधी त्याला पातळ गोंद पाजावा, नाहीतर ते रंग पिऊन टाकतं. मग पांढरं अस्तर, त्यावर पोस्टर कलर, आणि शेवटी मॅट वार्निश. जुन्या चित्रांवरचा चकचकीत ऑइल पेंट काढायच्या फंदात पडू नये; त्याच्यासोबत नाकही जातं.

रूपांतराला गोष्ट लागते, आणि गोष्टींची आपल्याकडे वाण नाही. गवळणीच्या डोक्यावरची घागर काढली, पदर कमरेला खोचला आणि तिला कड्याच्या टोकावर बसवली की ती हिरकणी होते. मावळ्याच्या मुठीत दांडपट्टा दिला की जिवा महाला. सगळ्यांत सोपं रूपांतर बहिर्जी नाइकांचं. दंतकथांतले बहिर्जी नाना वेषांत फिरतात, त्यामुळे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव काहीही न बदलता बहिर्जी होऊ शकतो. फक्त रंगवणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं.

कोणता रंग?

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याच्या सोसायटीत मुलांनी प्रतापगड करायचं ठरवलं. त्याने माझ्याकडे मोडकी चित्रं मागितली. "मामा, वीस तरी दे. दहा भगवे करू, दहा हिरवे."

हिशोब साधा होता. साचा एकच, अंगरखा भगवा की आपला, हिरवा आणि दाढी मोठी की खानाचा. बाजारही हेच करतो. तळघराच्या खेळातही हेच असतं; हिरव्या कातडीचा दिसला की मारायचा, फार विचार करायचा नाही. खेळ चालायला तेवढं पुरतं. पण आपण जे टेबलावर मांडत होतो, त्या घटनेला तारीख होती, १० नोव्हेंबर १६५९, आणि माणसांना नावं होती. म्हणून आम्ही नावांची यादी केली.

महाराजांबरोबर जे निवडक दहा अंगरक्षक गेले, त्यांत संभाजी कावजी, जिवा महाला, येसाजी कंक यांच्याबरोबर सिद्दी इब्राहिम हे नाव आहे. खानाकडून बोलणी करायला आलेला वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. रोहिड खोऱ्यातले कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांच्या बाजूने उभे राहिले. त्याच खोऱ्यातले उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. म्हणजे 'मावळा' दोन्हीकडे होता. मावळा म्हणजे मावळातला माणूस: पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ, मुठे खोरं, गुंजण मावळ, हिरडस मावळ अशा पुण्याच्या पश्चिमेच्या खोऱ्यांत राहणारा. तो गणवेश नव्हता. सैन्याला सरसकट एकसारखा पोशाख नव्हताच; ज्याला जे मिळे ते तो घाले.

भाचा बराच वेळ ब्रश धुवत बसला. मग म्हणाला, "मग ओळखू कसं येणार कोण कुणाकडचा ते?"

प्रश्न बिनतोड होता. रंगाने ओळख पटवायची सवय साहेबाच्या फळीवरही होती आणि आमच्या किल्ल्यावरही. ती सोडली तर काय हाती उरतं? शेवटी मुलांनी सगळ्यांचे अंगरखे मळक्या पांढऱ्या, तांबूस, खाकी अशा मातकट रंगांत केले. पागोटी रंगीबेरंगी ठेवली, पण बाजू पाहून नव्हे. आणि शिशाचे योद्धे रंगवणारे करतात तसं प्रत्येकाच्या बैठकीवर बारीक अक्षरांत नाव लिहिलं. पाहायला येणारे वाकून वाचायचे. एका आजोबांनी सिद्दी इब्राहिमपाशी थांबून, "हे खरं आहे का रे?" असं विचारलं. मुलांनी दहाही नावं घडाघडा म्हणून दाखवली.

पायथ्याची माणसं

किल्ले करायची रीत आता बदलते आहे. २०२५ साली महाराजांशी आणि मराठ्यांशी निगडित बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. स्पर्धांमध्ये हुबेहूब प्रतिकृती मांडल्या जातात. मुलं उपग्रहाची छायाचित्रं पाहून राजगडाच्या तिन्ही माच्या अचूक वळवतात, चोरदरवाजे आणि टाकी जागच्या जागी दाखवतात. पोत्यावर गेरू-चिखल फासून डोंगर करणाऱ्या आमच्या पिढीपेक्षा त्यांना किल्ला कितीतरी जास्त कळतो. मला याचा आनंद आहे.

पण या अचूकपणात चित्रं हद्दपार होतात. कारण सरळ आहे: प्रमाण जमत नाही. चार बोटं उंचीचा मावळा बालेकिल्ल्याच्या दरवाजात मावत नाही, आणि गवळण तर तटापेक्षा उंच. जुन्या किल्ल्यावर याचं कोणाला काही वाटत नसे. महाराज सगळ्यांत मोठे, मावळे मध्यम आणि घरं काडेपेटीएवढी. अजिंठ्याच्या भिंतींवर किंवा लघुचित्रांत राजा दासदासींपेक्षा मोठा असतो, त्याच जातीचं हे प्रमाण. परीक्षकाच्या फूटपट्टीला ते चालत नाही. चित्रं ठेवलीच तर महाराज आणि चार मावळे, तेही एका साच्यातले, एका भगव्यातले. आधी पायथ्याचं गाव जातं.

इतिहास म्हणून पाहिलं तर ही चूक उलट्या बाजूची आहे. किल्ल्याच्या व्यवस्थेचं रानड्यांनी केलेलं वर्णन वाचावं. गडावर मराठा हवालदार, ब्राह्मण सबनीस, प्रभू कारखानीस. आणि गडाच्या खाली, घेऱ्यात, रामोशी, परवारी आणि इतर जमातींची माणसं, वाटा आणि रान राखणारी. गड उभा राहायचा तो या घेऱ्याच्या जिवावर. गडावर धान्य, लाकूडफाटा, दूधदुभतं खालूनच चढायचं. हिरकणीची दंतकथासुद्धा याच रोजच्या चढउताराची आहे. अचूक तटबंदीखाली रिकामा डोंगर मांडला तर दगडाचं माप बरोबर येतं आणि किल्ला कशावर चालायचा तेच नाहीसं होतं. आरशाच्या तळ्याकाठी बसलेली ती बेढब पाणवठ्यावरची बाई, प्रमाण चुकलं तरी, आपल्या जागी बरोबर बसलेली आहे.

मातीची चित्रं टिकत नाहीत. संग्रहालयांत शस्त्रं जातात, नाणी जातात, दिवाळीनंतर माळ्यावर टाकलेला मोडका मावळा जात नाही. तुमच्या माळ्यावर असं एखादं खोकं असेल तर ते फेकायच्या आधी उघडून पाहा. हात मोडला असेल तर खीळ आणि एम-सील दहा मिनिटांचं काम आहे. रंग उडाला असेल तर आधी त्याला काय करायचं ते ठरवा. घेऱ्यातला रामोशी? रोहिड खोऱ्यातला एखादा, ज्याला अजून कळलेलं नाही की जेध्यांबरोबर जावं की खोपड्यांबरोबर? ते ठरलं की पागोट्याचा रंग आपोआप सुचतो. डोळे शक्यतो जुनेच राहू द्या, आणि नाव बैठकीच्या खाली न लिहिता वर लिहा. वाकून वाचणारे लोक अजून आहेत.